पत्र्याखालचे भोपळे आज संध्याकाळीच हलवा

भोपाळमधल्या मराठी बंधुभगिनींनो,

परसात लाल भोपळ्याचा वेल असेल, बैरसिया-सीहोरकडे शेत असेल किंवा करोंद मंडीतून पोतंभर भोपळे आणून ठेवले असतील, तर ही कळकळीची विनंती ऐका. मे महिन्यात पारा चाळिशीपार आहे. पत्र्याच्या शेडमध्ये, गच्चीवर, गोणपाटाखाली रचलेला माल आतून बिघडतो आहे. साल तशीच टणक दिसते म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि कापल्यावर गर कोरडा, दोऱ्यादोऱ्यांचा निघतो.

गेल्या वर्षी पितृपक्षातल्या भाजीसाठी राखलेले नऊ भोपळे मी जिन्याखाली एकावर एक रचले होते. पहिल्या पावसानंतर वास सुटला. तळातला एक फुटला होता आणि त्याच्या पाण्याने बाकीचेही गेले. वेलाला रोज पाणी घातलेल्या माणसाला ते उकिरड्यावर टाकताना काय वाटतं, ते मला ठाऊक आहे.

अनेकजण घाईने फ्रिजकडे किंवा शीतगृहाकडे वळतात. तसं करू नका. बटाट्याचं शीतगृह २ ते ४ अंशांवर चालतं आणि १० अंशांखाली भोपळ्याला थंडी बाधते. बाहेर काढला की तो झपाट्याने सडतो. त्याला मानवतं १० ते १३ अंश तापमान आणि ५० ते ७० टक्के आर्द्रता. कूलरसमोरची खोली गार असते, पण हवा ओली. विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष पालेभाजीला उत्तम, मात्र त्यातला ओलावा भोपळ्याला घातक. आपल्या घरात १३ अंश मिळणार नाहीत. सावली, वारा आणि कोरडेपणा मात्र मिळवता येतो, आणि तेवढ्यानेही पुष्कळ माल वाचतो.

उत्तरेकडची खोली निवडा. बाज किंवा लाकडी फळी टाका, वर पेंढा पसरा आणि भोपळे एकमेकांना न चिकटता एकाच थरात मांडा. दुपारी खिडक्या बंद, रात्री सताड उघड्या. आंबे पिकायला घातलेत त्या खोलीत भोपळा नको. पिकत्या फळांतून निघणारा वायू त्यालाही लवकर उतरवतो. कोकणात भोपळे आढ्याला टांगतात ते याच कारणाने: चहूबाजूंनी हवा, जमिनीची ओल नाही.

वेलावर अजून फळं असतील तर नख टोचून बघा. नख रुतत नसेल आणि देठ वाळला असेल तरच काढा, तेही पहाटे. देठ तीन-चार बोटं राखा. तो तुटला की तिथूनच बुरशी शिरते, म्हणून देठाला धरून उचलू नका. धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. एरवी साल घट्ट व्हायला आठ-दहा दिवस २७-२९ अंशांची ऊब द्यावी लागते. इथे ती सावलीतही आयती आहे.

ज्यांना ओरखडा पडलाय, देठ गेलाय, ते वेगळे काढा आणि याच आठवड्यात घारगे, भरीत करून संपवा, शेजारी वाटा. उरलेले दर रविवारी उलटून बुड दाबून पाहा. जूनच्या मध्यानंतर पाऊस येईल, तेव्हा भिंतीपासून हातभर दूर सरकवा.

आज ऊन उतरलं की पत्र्याखाली जा. आधी तळातला भोपळा हातात घ्या.