माडावरची पांढरी माशी: फवारा मारून नुकसान आपलंच

ऊन तापू लागलं की कोकणातल्या वाड्यांत तीच तक्रार सुरू होते. झावळ्या काळ्या पडल्या, माडाखालची केळ चिकट झाली, परसातल्या जास्वंदीवर काजळी धरली. बुरशी समजून लोक बुरशीनाशक आणतात आणि पैसे वाया जातात. काजळी हा नुसता परिणाम आहे. दुखणं झावळीच्या खालच्या बाजूला बसलेलं असतं.

ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. मूळची मध्य अमेरिकेतली. भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाची भागात ती पहिल्यांदा दिसली, नंतर केरळ, कर्नाटक करत कोकणात पोचली. पानाखाली गोल वळणांत अंडी घालते. पिल्लं रस शोषतात आणि चिकट गोड पाणी सोडतात. ते खालच्या पानांवर गळतं, त्यावर काळी बुरशी वाढते. माड सहसा मरत नाही, पण कमजोर होतो.

आता खरा घोळ. या माशीचा वैरी तिच्या मागोमाग इथे आलेला आहे. एन्कार्सिया नावाची ही इवलीशी गांधीलमाशी पिल्लांच्या अंगात अंडी घालून त्यांना आतून संपवते. तिने धरलेले कोष काळे पडतात. पान उलटून असे कोष दिसले, तर औषधाला हात लावू नये. कारण रासायनिक कीटकनाशकाने आधी हीच मरते आणि पांढरी माशी पुन्हा फोफावते. चाळीस फूट उंच माडाच्या शेंड्यापर्यंत फवारा पोचवणार तरी कोण? कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेचा भरही रसायनांपेक्षा या मित्रकीटकावरच आहे. काळे कोष असलेले पानाचे तुकडे मित्रकीटक नसलेल्या बागेत नेऊन लावता येतात. काजळीवर स्टार्चचं पाणी मारलं की पापुद्रे सुटतात. लहान रोपांवर पाण्याचा जोरदार फवारा, फार तर निंबोळी तेल.

अडचण अशी की हे एका घराने करून भागत नाही. चार घरांच्या वाडीत एकाने जहाल औषध मारलं, तर बाकी तिघांचीही गांधीलमाशी जाते. ग्रामपंचायतीच्या सभेत रस्ता-पाण्यावर तासभर बोलणं होतं, यावर कोणी बोलत नाही.

आणि रोपांचं काय? माशी स्वतः फार लांब उडत नाही, ती टेम्पोतून येते. पावसाच्या तोंडावर माड, केळी, शोभेच्या झाडांची रोपं गाड्या भरून तालुक्याला उतरतात. घेणारा उंची बघतो, भाव करतो. पान उलटून कोण बघतो?