कॉपी कोणी कोणाची केली?

"बुद्धाची मूर्ती ग्रीकांनी शिकवली" असं होस्टेलवर एकदा म्हणून बघा, रात्रीची झोप गेलीच समजा! अर्धी खोली म्हणते सगळं बाहेरून आलं, उरलेली म्हणते सगळं आपलंच. गांधारच्या बुद्धाचं चुण्यांचं वस्त्र ग्रीक-रोमन वळणाचं, हे मान्य. पण मथुरेच्या कारागिरांनी जुन्या यक्षमूर्तींच्या वळणावर आपला वेगळा बुद्ध घडवलाच की!

आणि गांधारपर्यंत कशाला जायचं? मी मोहन्याचा. आमच्या उल्हास नदीवर खाली कल्याण बंदर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात त्याचं नाव आहे. तिथे आलेलं ग्रीक जहाज तेव्हा पहाऱ्यात भडोचला नेत. कान्हेरीला कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दिलं, लोहाराने वाट करून दिली. तसे लेख कोरलेले आहेत.

पण खरी मजा कार्ल्याला. साधारण त्याच काळातल्या तिथल्या चैत्यात बऱ्याच खांबांवर दात्यांची नावं आहेत, आणि त्यातले कित्येक धेनुकाकटचे 'यवन'. नावं मात्र सिंहध्वज, धर्म अशी! पैसा यवनांचा, म्हणून मूर्तीही ग्रीक असतील असं वाटेल. तर नाही. दारातली स्त्री-पुरुषांची भरदार जोडपी पक्की इथलीच आहेत.

आता खांब बघा. इराणच्या पर्सेपोलिसला घंटेचा आकार खांबाच्या पायाशी असतो. अशोकाच्या स्तंभांवर तो वर चढला, कार्ल्यालाही वरच आहे, आणि पायाशी आलाय पाण्याचा घट. पर्सेपोलिसला पाठीला पाठ लावलेले बैल लाकडी तुळई पेलायचे. कार्ल्याला त्यांच्या जागी गुडघे टेकलेले हत्ती, आणि त्यांच्यावर तुळई नाही, माणसं बसलीत! डोंगरच कोरलेला, पेलायचं काय? वर छताला खऱ्या लाकडाच्या कमानी आहेत, त्याही काही पेलत नाहीत. लाकडी चैत्याची सवय सुटली नाही, एवढंच. बाहेरचा पार्ट घेतला आणि त्याला नवीन काम दिलं, याला मी कॉपी म्हणत नाही. (सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जर्नलं उतरवतो, ती कॉपी.)

आपली इंडस्ट्रियल व्हिजिटची बस दरवर्षी लोणावळ्यावरून पुढे जाते. सरांना विनंती, पुढच्या वेळी ती दोन तास कार्ल्याला थांबवावी. स्ट्रक्चर्सचं एक लेक्चर तिथेच घेता येईल. चिक्की परतताना घेऊ.