गटाराची दिशा कागदावर आणा!

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा येथे मे २०२३ मध्ये सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात वा टाकीत उतरवण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारमृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण भरपाई मेल्यावर मिळते. माणूस खाली उतरूच नये यासाठी काय केले, हा आमचा सवाल आहे.

‘आता यंत्रे आली’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. भुयारी गटारात चाकांवरचा कॅमेरा सोडून पाहणी करता येते, हे खरे आहे. यंत्राचे आम्ही स्वागतच करतो. मात्र यंत्राने पाहिलेले कागदावर नीट उतरले नाही, तर अखेर माणसालाच उतरावे लागते.

पाहणीच्या तक्त्यात दोन दिशा वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. एक पाण्याची, म्हणजे वरच्या चेंबरकडून खालच्या चेंबरकडे. दुसरी कॅमेऱ्याची, म्हणजे तो प्रवाहाबरोबर गेला की प्रवाहाविरुद्ध. वरून वाट तुंबली असेल तर कॅमेरा खालच्या चेंबरमधून सोडतात आणि अंतरही तिथूनच मोजतात. समजा, दोन चेंबरमध्ये ३० मीटर अंतर आहे. खालून निघालेल्या कॅमेऱ्याला ८ मीटरवर पाइप फुटलेला दिसला. ठेकेदाराच्या माणसाने दिशा लिहिलीच नाही. कार्यालयाने वरून ८ मीटर मोजून रस्ता खणला, तर पाइप शाबूत! फूट होती वरून २२ मीटरवर. डावे-उजवेही असेच फिरते. एका बाजूने घड्याळाच्या तीनवर दिसणारी जोडणी दुसऱ्या बाजूने नऊवर दिसते. मग ‘जरा उतरून बघ रे’ असा हुकूम सुटतो. तो कोणाला सुटतो, हे चळवळीच्या वाचकाला सांगायला हवे काय?

कोणी म्हणेल, हे इंजिनिअरचे काम, यात चळवळीने कशाला पडावे? आम्ही म्हणतो, ज्याचा जीव जातो त्याने हिशेब मागितलाच पाहिजे. बाबासाहेबांच्या ‘शिका’ या आदेशात हा तक्ता वाचायला शिकणेही येते.

परभणी महापालिका असो की जिंतूर, गंगाखेड, सेलूच्या नगरपालिका, जिथे भुयारी गटार आहे वा होणार आहे, तिथे निविदेतच अट घाला. कॅमेरा कोणत्या चेंबरमधून निघाला, कोणत्या चेंबरपर्यंत गेला, पाणी कोणीकडे वाहते, कॅमेरा कोणीकडे गेला, हे चार रकाने भरल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये. सेप्टिक टाक्यांचीही जागा, खोली आणि उपशाची तारीख नोंदवा. कार्यकर्त्यांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली हे तक्ते मागावेत.

रकाना कोरा ठेवणाऱ्याचे काही बिघडत नाही. त्याची किंमत खाली उतरणारा मोजतो. हे आता थांबलेच पाहिजे!