आतला व्रण कोण मोजणार?

बेंबीतल्या एकाच छेदातून मूत्रपिंड काढण्याची पद्धत २००७-०८च्या सुमारास आली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना भविष्य हाती आल्यासारखे वाटले होते. नडियादच्या मुळजीभाई पटेल रुग्णालयात डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अगदी सुरुवातीच्या काळातच करून दाखवली. आज ती रोज करणारे थोडेच. एका भोकातून घातलेली हत्यारे एकमेकांवर आपटतात, हातांना हवा तो कोन मिळत नाही आणि एवढा आटापिटा करून प्रौढ रुग्णाच्या पोटावरचे दोन-तीन छोटे डाग काय ते वाचतात.

२०१८ साली अमेरिकेत मूत्रविकार शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळालेल्या एकछिद्री दा विंची यंत्रमानवाने हत्यारांची ही झटापट बरीच मिटवली. अडीच सेंटिमीटरच्या नळीतून कॅमेरा आणि तीन वळणारी हत्यारे आत जातात. किंमत मात्र जिल्ह्याच्या गावी रुग्णालय चालवणाऱ्याने विचारूही नये अशी.

आमच्या मते एक छेद तिथेच शोभतो, जिथे छेद घ्यावाच लागणार आहे. दात्याचे मूत्रपिंड अखंड बाहेर काढायचे तर सहा-सात सेंटिमीटरची वाट लागतेच. मग काम त्याच वाटेने का करू नये? लहान मुलांच्या पायलोप्लास्टीत चड्डीच्या रेषेखाली लपणारे छेदही पटतात, पण वेगळ्या कारणाने. तो डाग त्या मुलाला आयुष्यभर बाळगायचा असतो.

पण आपली ओपीडी भरते ती मुतखड्यांनी, आणि खरा बदल तिथे झाला आहे. १९७६ मध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी पाठीतून वाट करून खडा काढला. पुढे ही वाट २४ ते ३० फ्रेंचची रूढ झाली. मग ती अरुंद करणारी मिनी पद्धत आली आणि २०११ मध्ये ४.८५ फ्रेंचच्या सुईतून मायक्रोपर्क. वाट अरुंद झाली तसे पाणी बाहेर पडणे अवघड झाले, मूत्रपिंडातला दाब वाढू लागला. कातडीवर सुईएवढी खूण आणि रुग्ण मात्र सेप्सिसने अतिदक्षता विभागात, याला कमी आघाताची शस्त्रक्रिया कसे म्हणायचे? म्हणूनच पुढच्या काही वर्षांत वाट आणखी किती बारीक होते यापेक्षा शोषण-नळ्या आणि दाबाचे नियंत्रण यांकडे आमचे जास्त लक्ष असेल.

लवचीक दुर्बिणीने तर कातडीला सुईही लागत नाही. तिथे व्रण आत उमटतो. जबरदस्तीने सरकवलेल्या शीथने मूत्रवाहिनी सोलवटते, काही महिन्यांनी ती आकसते आणि मूत्रपिंड फुगल्याचे कळते तेव्हा रुग्ण बहुधा दुसऱ्याच डॉक्टरकडे असतो. असाच आतला व्रण म्हणजे मूत्रमार्ग आकसणे; हा दुष्परिणाम प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला पहिल्यापासून चिकटलेला आहे. त्याची नोंद मात्र आपण अजून ‘जमेल तशी’ ठेवतो.

यापुढे या मासिकाकडे नव्या तंत्रावरचा लेख पाठवताना छेदाच्या लांबीबरोबर वापरलेल्या शीथची जाडी, शस्त्रक्रियेनंतरचा ताप आणि तीन महिन्यांनंतरची सोनोग्राफीही कळवावी. बेंबीचे छायाचित्र नसले तरी चालेल.