जुन्या पान्याची ओळख

जुन्या वस्तूंविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या वृत्ती आढळतात. एक तर त्या भंगारवाल्याच्या तराजूत घालावयाच्या, नाही तर झिलई देऊन दिवाणखान्यात टांगावयाच्या. पेडणे व डिचोली तालुक्यांतील घरांच्या माळ्यांवर आणि गॅरेजांच्या कोनाड्यांत मोटारीचे गंजलेले पाने पडलेले असतात, त्यांच्याही वाट्याला हेच येते. हा पाना मुळात कशासाठी घडविला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. ते विचारले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाना म्हणजे कोणत्या तरी नटाचे उत्तर होय. मोटार मोडीत गेली तरी पान्याच्या जबड्यात त्या नटाचे माप शिल्लक राहते. परंतु नुसता अंक वाचून ओळख पटत नाही. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांची जी पद्धती सुचविली, तिच्या पान्यावरील अंक नटाची रुंदी सांगत नाही; तो बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. म्हणूनच १/४ इंच असे कोरलेल्या पान्याचा जबडा मोजल्यास सुमारे १३.३ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून अधिक भरतो. याउलट मिलिमीटरच्या पान्यावर १३ असेल, तर तेच नटाच्या रुंदीचे माप. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या एका पान्यावर १९१७ हा आकडा आढळतो. पाहणारा त्याला साल समजतो. वस्तुतः तो त्या हत्याराचा क्रमांक आहे. त्याचे एक टोक स्पार्क प्लगसाठी व दुसरे सिलिंडरच्या डोक्यावरील बोल्टांसाठी असे.

अंक पुसला गेला तरी आकार बोलतो. पाना फार पातळ असेल, तर तो बहुधा टॅपेटसारख्या अडचणीच्या जागी चालविण्याचा. आकडीसारखा असेल, तर खाचा पाडलेले गोल नट फिरविण्याचा. नळीसारखा असेल, तर खोल बसलेला स्पार्क प्लग काढण्याचा.

आपल्या भागात या शोधाला विशेष अर्थ आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात युरोपातूनही मोटारी येत व त्यांचे नट मिलिमीटरांचे असत. पेडण्याच्या सीमेपलीकडे सावंतवाडीच्या बाजूस ब्रिटिश पद्धतीची इंची मापे रूढ होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सीमेवरची ती आडकाठी गेली. एकाच पेटीत दोन्ही मापांचे पाने सापडले, तर त्यांत या प्रदेशाचा इतिहासच एकत्र आलेला असतो. डिचोलीत तर लोहखनिज धक्क्यांवरील बार्जींपर्यंत पोहोचविणाऱ्या ट्रकांवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणकाम थांबले, तेव्हा अनेक ट्रक जागीच उभे राहिले. गाड्या जातात, त्यांच्याबरोबर त्या दुरुस्त करणारांचे ज्ञानही जावे काय?

‘ज्या मोटारी रस्त्यावर नाहीत, त्यांचे पाने ओळखून उपयोग काय?’ असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, ताम्रपट वाचणे हे विद्वत्तेचे काम आणि पाना ओळखणे हे काळ्या हातांचे काम, हा भेदच आम्हांस मान्य नाही. बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयात शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या जुन्या अवजारांना मानाचे स्थान मिळाले आहे. मिस्त्रीच्या पान्याचाही तोच अधिकार आहे.

विद्यार्थी मित्रांनी या कामी हात घालावा. गंज काढताना कानस लावू नये. अक्षरे कायमची जातात. घासलेटात भिजवून मऊ फडक्याने पुसावे, जबडा मोजावा, खुणांची नक्कल उतरून घ्यावी. नंतर गावातील वृद्ध मिस्त्रीकाकांकडे जाऊन पाना त्यांच्या हातात द्यावा व ते सांगतील ते लिहून घ्यावे. कळले ते ठामपणे नोंदवावे. जेथे तर्क असेल, तेथे ‘तर्क’ असेच लिहावे. खोटी ओळख देण्यापेक्षा जागा कोरी ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे. पाना आणखी पन्नास वर्षे गंजत पडून राहील. तो ओळखणारा हात मात्र आपल्यासाठी तितका काळ थांबणार नाही.