मंत्री नाही म्हणून सरकार नाही?

‘अमेरिकेत क्रीडामंत्रीच नाही’ हा आपल्याकडच्या क्रीडाचर्चेतला हुकमाचा एक्का आहे. ऑलिंपिक संपतं, पदकतक्ता छापून येतो, पॅरिसला त्यांची १२६ आणि आपली ६ असा हिशेब मांडला जातो आणि परिसंवादात कोणीतरी तो पत्ता टाकतोच. पुढचं सगळ्यांना पाठ असतं. तिथे सरकार खेळात नाक खुपसत नाही, क्लब आपल्या पैशाने चालतात, संघटना स्वायत्त असतात, म्हणून तिथे खेळाडू घडतात. तेव्हा आपणही सरकारला मैदानाबाहेर काढावं.

या म्हणण्यात खरं किती, ते आधी पदरात टाकतो. अमेरिकेत केंद्रीय क्रीडामंत्रालय नाही, हे खरं. तिथली ऑलिंपिक समिती प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक आणि देणग्या यांवर चालते. संघ पाठवायला तिला सरकारपुढे हात पसरावा लागत नाही, हेही खरं. आपल्या महासंघांत वर्षानुवर्षं खुर्च्या अडवून बसलेली मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या व्यवस्थेचा हेवा वाटला तर नवल नाही. पण मंत्री नाही म्हणून सरकार नाही, हे अनुमान गावात पाटील दिसला नाही म्हणून सातबाराच नाही असं समजण्यापैकी आहे. अमेरिकेतलं सरकार खेळात आहे आणि चांगलं मुरलेलं आहे. ते कायद्यात आहे, शाळेसाठी भरलेल्या घरपट्टीत आहे, नगरपालिकेच्या बागेत आहे. जिथून ते खरोखर उठून गेलं, तिथली अवस्था आपल्या या मित्रांनी एकदा जवळून बघावी.

सरकारने हात न लावलेला काळ अमेरिकेने भोगलेला आहे आणि तो थोडाथोडका नव्हता. १८८८ मध्ये ‘अमॅच्युअर ॲथलेटिक युनियन’, म्हणजे एएयू, निघाली आणि हौशी कोण, व्यावसायिक कोण हे ठरवण्याचा मक्ता तिने आपल्याकडे घेतला. संस्था संपूर्ण खासगी. तिच्या कारभाराचा मासला म्हणून जिम थॉर्पचं प्रकरण बघण्यासारखं आहे. सॅक अँड फॉक्स या मूळनिवासी जमातीच्या थॉर्पने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं जिंकली. त्याआधी १९०९ आणि १९१० च्या हंगामात तो नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. कॉलेजची पुष्कळ मुलं तेव्हा हेच करत, फक्त खोटं नाव लावून. थॉर्पने आपलं खरं नाव लावलं. १९१३ च्या जानेवारीत ते वर्तमानपत्रात आलं. आक्षेप ३० दिवसांत घ्यावा असा त्या ऑलिंपिकचाच नियम होता आणि ती मुदत केव्हाच उलटली होती. पण एएयूच्या जेम्स सलिव्हन यांनी आपल्या खेळाडूच्या बाजूने हा मुद्दा मांडायचा सोडून त्याची पदकं काढून घेण्यात पुढाकार घेतला. थॉर्प १९५३ मध्ये वारला. पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांच्या हाती पडल्या १९८३ मध्ये आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागलं २०२२ मध्ये. या सगळ्यात मंत्री कुठेच नव्हता.

एएयूला पुढे प्रतिस्पर्धी मिळाली ती एनसीएए ही कॉलेजांची संघटना. गंमत म्हणजे ही संस्थासुद्धा राष्ट्राध्यक्षांनी कान टोचल्यावरच जन्मली. कॉलेज फुटबॉलमध्ये मुलं मरू लागली, तेव्हा १९०५ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि १९०६ मध्ये संघटना उभी राहिली. मग एएयू आणि एनसीएए यांच्यात खेळाडूवर हक्क कोणाचा यावरून जी जुंपली, ती काही दशकं मिटली नाही. शेवटी जॉन केनेडींनी जनरल डग्लस मॅकआर्थरना मध्ये घातलं. जपानची शरणागती स्वीकारलेल्या सेनापतीलाही या दोन संघटनांकडून मिळाला तो तह १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपुरताच. पुढे पुन्हा ये रे माझ्या मागल्या. १९६९ मध्ये येल विद्यापीठाचा जॅक लँगर इस्रायलमधल्या मकाबिया स्पर्धेत बास्केटबॉल खेळला. त्या स्पर्धेला एनसीएएची संमती नव्हती. त्याला खेळू दिलं म्हणून एनसीएएने येलवर दोन वर्षांची कारवाई केली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो असं आपण म्हणतो. इथे तिसरा म्हणजे खेळाडू, आणि तो दर वेळी मार खात होता.

या स्वायत्त कारभाराचं खरं रूप म्युनिकला, १९७२ मध्ये, जगाने पाहिलं. एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन हे त्या वेळच्या जगातल्या सर्वांत वेगवान धावपटूंपैकी दोघे. शंभर मीटरची दुसरी फेरी संध्याकाळी आहे अशा समजुतीने ते क्रीडाग्रामाजवळ बसची वाट बघत होते. बाजूलाच एबीसी वाहिनीच्या केंद्रात टीव्ही चालू होता आणि पडद्यावर शंभर मीटरचे धावपटू रेषेवर उभे राहत होते. सकाळचंच पुन्हा दाखवताहेत, असं यांना वाटलं. ते थेट प्रक्षेपण होतं. रॉबिन्सन आपलीच शर्यत आपल्याविना बघत होता. गाडीत घालून त्यांना पळवत नेलं, तिसरा सोबती रॉबर्ट टेलर कसाबसा वेळेत पोचला आणि त्याने पुढे रौप्य मिळवलं. हार्ट आणि रॉबिन्सन बाद झाले. प्रशिक्षकाच्या हातात जुनं वेळापत्रक होतं. त्याच ऑलिंपिकमध्ये रिक डिमाँट या सोळा वर्षांच्या पोहणाऱ्याचं सुवर्ण गेलं ते दम्याच्या औषधापायी. मुलाने औषधाचं नाव अर्जावर लिहून दिलं होतं; अधिकाऱ्यांनी ते पुढे कळवलं नाही.

जेराल्ड फोर्ड यांनी १९७५ मध्ये आयोग नेमला तो या पार्श्वभूमीवर आणि त्यातून १९७८ चा ‘अमॅच्युअर स्पोर्ट्‌स ॲक्ट’ आला. माझ्या मते अमेरिकेच्या क्रीडाव्यवस्थेचा कणा हा कायदा आहे आणि आपल्याकडे एक्का टाकणाऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव कधी येत नाही. या कायद्याने सरकारला संघटनांच्या खुर्चीत बसवलं नाही. त्याने एका खेळाला एकच राष्ट्रीय संघटना मान्य करायची असं ठरवलं, ती मान्यता ऑलिंपिक समितीच्या हाती दिली आणि तिला अटी घातल्या. संचालक मंडळात किमान वीस टक्के जागा चालू वा अलीकडच्या खेळाडूंच्या. कोणाला अपात्र ठरवायचं तर आधी नोटीस आणि सुनावणी. संघटनेने खेळण्याची संधी नाकारली, तर खेळाडूला स्वतंत्र लवादाकडे दाद. शिवाय संघटना कर्तव्यात चुकली, तर तिच्या जागी आम्हाला मान्यता द्या, असा दावा दुसऱ्या गटाला लावता येतो. एएयूचं साम्राज्य एका कायद्याने उतरलं. २०२० च्या दुरुस्तीने खेळाडूंचा वाटा एक तृतीयांश केला आणि ऑलिंपिक समितीचं संचालक मंडळच बरखास्त करण्याचा अधिकार अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, स्वतःकडे घेतला. याला सरकारने नाक न खुपसणं म्हणायचं असेल, तर नाक खुपसणं कशाला म्हणायचं?

प्रतिपक्षाच्या एका भीतीला मात्र मान द्यायला हवा. सत्तेचा हात एकदा आत आला की तो कुठवर जाईल? १९८० मध्ये तो किती लांब गेला, तेही सांगतो. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या आणि मॉस्कोला संघ पाठवायचा नाही असं जिमी कार्टर यांनी ठरवलं होतं. निर्णय कागदोपत्री ऑलिंपिक समितीचा. १२ एप्रिलला कोलोरॅडो स्प्रिंग्जला सभा भरली. क्रीडामंत्री नव्हता, म्हणून स्वतः उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर माँडेल येऊन बोलले. करसवलतीपासून पासपोर्टपर्यंतच्या धमक्या आधीच हवेत होत्या. समितीने बहिष्काराच्या बाजूने मत दिलं. अनिता डेफ्रांट्झ या वल्हवणाऱ्या खेळाडूने सहकाऱ्यांसह न्यायालयात दावा लावला. न्यायाधीशांनी सांगितलं की समितीने संघच पाठवायचा नाही असं ठरवलं, तर हा कायदा तुम्हाला खेळण्याचा हक्क देत नाही. ज्या कार्टर यांनी दीड वर्षापूर्वी या कायद्यावर सही केली होती, त्यांच्याच काळात तो इथे तोकडा पडला. पण हे उदाहरण ‘सरकार दूर असतं’ या दाव्याच्या उपयोगाचं नाही. मंत्रालय नसूनही सरकारला हवं ते करून घेता येतं, एवढंच ते दाखवतं. अशा वेळी खेळाडूच्या हाती काही असेल, तर ते कायद्यातच असणार.

हे झालं ऑलिंपिकचं. पण खेळ म्हणजे ऑलिंपिक नव्हे. संध्याकाळी पाच वाजता मुलगी कुठे जाते, हा खेळाचा खरा प्रश्न. अमेरिकेत त्याचं उत्तर बहुधा सरकारी इमारतीत किंवा सरकारी जमिनीवर सापडतं. सार्वजनिक शाळांची मैदानं, पोहण्याचे तलाव आणि प्रशिक्षकांचं मानधन यांना मुख्य आधार कराच्या पैशाचा. मिलवॉकी शहरात १९११ च्या राज्यकायद्यामुळे रिक्रिएशनचं खातंच शाळामंडळाकडे आलं. डोरोथी एंडेरिस या बाईंनी पुढे अनेक वर्षं ते सांभाळलं. संध्याकाळी शाळांचे दिवे लागत. आत गिरणीतले कामगार, नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या बायका, तरुण मुलं बास्केटबॉलपासून शिवणकामापर्यंत काहीबाही करत असत. ‘दिवे लागलेल्या शाळांचं शहर’ अशी मिलवॉकीची ख्याती झाली. मंदीच्या काळात, १९३६ च्या एका उन्हाळ्यात, न्यूयॉर्कमध्ये सरकारी रोजगार योजनेतून बांधलेले अकरा प्रचंड तरणतलाव खुले झाले. १९६४ च्या कायद्याने उभारलेल्या निधीतून, ज्यात पुढे समुद्रातल्या तेलाच्या भाडेपट्ट्यांचा पैसा येऊ लागला, गावोगावची मैदानं झाली. हे अनुदान नव्हे तर काय?

आणि मुली? १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याच्या कलमात खेळ हा शब्दसुद्धा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेद करू नये, इतकंच त्यात आहे. त्याच्या आदल्या शैक्षणिक वर्षात हायस्कूलच्या संघांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. आज तीस लाखांच्या वर आहेत. अमेरिकेच्या महिला खेळाडू पदकांच्या राशी आणतात, त्यामागे बाजार नाही, हे कलम आहे.

आता सरकार खरोखर जिथे नाही ती जागा. शाळा आणि बाग यांच्या बाहेर गेल्या काही दशकांत मुलांच्या क्लबांचा धंदा फोफावला. ‘ट्रॅव्हल टीम’ हा त्यातला कळीचा शब्द. दहा वर्षांच्या मुलाला निवड चाचणीची फी, गणवेशाची फी, प्रशिक्षकाची फी आणि मग शनिवार-रविवारी दुसऱ्या राज्यात स्पर्धा. काही स्पर्धांत प्रवेश घ्यायचा तर मुक्काम आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच करायचा. दुसरीकडे स्वस्त खोली मिळाली तरी उपयोग नाही. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये एका मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाचा सरासरी खर्च १,०१६ डॉलर होता, २०१९ पेक्षा ४६ टक्के जास्त. ज्याला परवडतं त्याचा मुलगा खेळतो. एएयूसुद्धा आज याच बाजारात स्पर्धा भरवते आहे. ‘आपल्या हिमतीवर घडणारा खेळाडू’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो पुष्कळदा आईबापांच्या क्रेडिट कार्डावर घडलेला असतो.

याच्याही पुढची किंमत जिम्नॅस्टिक्सने मोजली. मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी यूएसए जिम्नॅस्टिक्सकडे येत होत्या. तक्रारीवर पीडितेची किंवा पालकांची सही नसेल, तर ती ऐकीव म्हणून बाजूला पडत होती. ‘इंडियानापोलिस स्टार’ने २०१६ मध्ये हे बाहेर काढलं, त्यातूनच लॅरी नासर हा संघाचा डॉक्टर उघडा पडला आणि २०१८ च्या जानेवारीत दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात उभं राहून त्याच्याबद्दल सांगितलं. संघटना खासगी होती, स्वायत्त होती, पदकं आणत होती. आमच्या मित्रांच्या सगळ्या कसोट्यांना ती उतरली असती. तिची मान्यता काढण्याची प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा तिने दिवाळखोरीचा अर्ज करून ती अडवली. या काळात खेळाडूंच्या संरक्षणाचे कायदे झाले, अत्याचाराच्या तक्रारींसाठी ‘सेफस्पोर्ट’ केंद्र आलं. पण त्याचा मोठा पैसा ऑलिंपिक समितीकडूनच येतो. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच पैशावर. काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं आणि सेफस्पोर्ट सरकारी पैशावर चालवावं, मुलांच्या व गावपातळीच्या खेळासाठी केंद्र सरकारात स्वतंत्र कार्यालय असावं, अशा शिफारशी केल्या. ज्यांचा दाखला आपण देतो, त्यांचंच म्हणणं हे आहे.

तेव्हा अमेरिकेकडून घ्यायचं असेल, तर मंत्र्याची रिकामी खुर्ची घेऊ नये. खेळाडूचं मत, त्याची सुनावणी आणि लवादाचा दरवाजा घ्यावा. आपल्या २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात कार्यकारिणीत खेळाडू आणि तंट्यांसाठी न्यायाधिकरण आलं आहे. एक तृतीयांशाच्या मानाने ते चिमूटभर आहे, पण दिशा तीच आहे.

राहिलं क्रिकेट, आणि इथे तर आपलाच माणूस आहे. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर ओरॅकलमध्ये इंजिनिअर. ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरीत त्याने सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं. अमेरिकेतलं क्लब क्रिकेट वाढलं ते न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँडसारख्या सार्वजनिक बागांत, बाग खात्याचा परवाना काढून, बऱ्याच ठिकाणी मॅटिंगवर. संघटना मात्र भांडत राहिल्या. एकीला आयसीसीने २०१७ मध्ये काढून टाकलं. तिच्या जागी आलेल्या यूएसए क्रिकेटला २०२५ च्या सप्टेंबरात निलंबित केलं. निलंबनाच्या कारणांत एक असं होतं की अमेरिकी ऑलिंपिक समितीची मान्यता मिळवण्याच्या दिशेने संघटना पुढे सरकली नाही. ही मान्यता १९७८ च्या त्या कायद्याखालचीच. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकला क्रिकेट आहे, आणि या निलंबनामुळे राष्ट्रीय संघांचा कारभार बघायची वेळ आयसीसीवर आली. नेत्रावळकरसारख्यांच्या मागे घरची संघटना उभी राहायची असेल, तर तिला आधी आपल्या मंडळात खेळाडूंना एक तृतीयांश जागा मोकळ्या करून द्याव्या लागतील.