न वाचता पास

कला शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना पनवेल परिसरातली मुले प्राध्यापकांना हमखास एक गोष्ट विचारतात : इंग्लिश हा मुख्य विषय घेतला तर इंग्लिश सुधारेल का? प्रश्न साधा आहे आणि त्यामागचे कारणही उघड आहे. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली. पुढे भातशेती गेली, मिठागरे गेली. जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड कुणाला मिळाले, कुणाचे कागदपत्रांत अडकले. आज त्या घरांतल्या तिसऱ्या पिढीसमोर ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ आहे, न्हावाशेव्याच्या बंदराभोवतीची कंटेनर यार्डे आहेत, खारघर-बेलापूरची कार्यालये आहेत, आणि तिथली बरीशी नोकरी हवी तर इंग्रजीत चार वाक्ये धड बोलता यावी लागतात. अशा मुलाला 'साहित्याच्या ओढीने या' असे सांगणे हा शहाजोगपणा झाला. तो पोटापाण्यासाठी आला आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

अडचण पुढची आहे. तीन वर्षांनी हा मुलगा इंग्रजी साहित्याचा पदवीधर होतो, पुष्कळदा बऱ्या गुणांनी होतो, आणि अभ्यासक्रमातले एकही पुस्तक त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले नसते. इंग्रजी सुधारलेले नसते ते वेगळेच. हे कुठल्या एका महाविद्यालयाचे गाऱ्हाणे नाही. पनवेलच्या जागी अलिबाग, जालना किंवा गोंदिया घातले तरी चित्र फारसे बदलणार नाही. आपण चर्चा मात्र भलत्याच ठिकाणी करतो. मुलांचे इंग्रजी कच्चे आहे, मराठी माध्यमाची आहेत, मोबाइलमुळे लक्ष लागत नाही, वगैरे. यातले सगळे खरे असेल. पण माझ्या मते खरी पडझड पहिल्याच सत्रात होते, आणि तिचे कारण मुलाच्या अंगी नसून परीक्षेच्या रचनेत आहे. न वाचता पास होता येते, हा पहिल्या सहा महिन्यांत मिळणारा सर्वांत पक्का धडा असतो. तो एकदा अंगवळणी पडला की तिसऱ्या वर्षाला कितीही चांगला शिक्षक लाभला तरी फार काही हाती लागत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने आखलेल्या चौकटीत पहिल्या सत्राला २२ क्रेडिट आहेत. त्यांतली ६ मुख्य विषयाची. बाकीची ओपन इलेक्टिव्ह, व्यवसाय-कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, एनएसएस किंवा सांस्कृतिक उपक्रम यांत वाटलेली. एका क्रेडिटला १५ तास धरले तर मुख्य विषयाला कागदावर ९० तास येतात. एवढ्या तासांत दोन लहान कादंबऱ्या आणि मूठभर कविता सावकाश वाचून होतील. पण प्रत्येक लहानसहान पेपरची स्वतंत्र अंतर्गत परीक्षा, स्वतंत्र प्रोजेक्ट, स्वतंत्र सादरीकरण असते. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, गणपतीत अर्धा वर्ग कोकणात गेलेला असतो, आणि परत येतो तो थेट परीक्षेच्या वेळापत्रकासमोर. मग शिक्षकही 'आयएमपी' प्रश्न सांगून मोकळा होतो. त्याला दोष देताना हेही बघावे की अनेक ठिकाणी तो तासिका तत्त्वावर राबतो आणि दोन कॉलेजांच्या मधल्या वेळात रेल्वे फलाटावर पेपर तपासतो.

नेमलेल्या कादंबरीची कॉलेजच्या ग्रंथालयातली जुनी प्रत उघडून पाहावी. पहिल्या सात-आठ पानांवर जवळजवळ प्रत्येक ओळीत शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले असतात. बारीक अक्षर, काही ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेले. शब्दकोश जवळ घेऊन कुणीतरी रात्री बसले होते. नवव्या-दहाव्या पानावर हे अर्थ विरळ होतात, आणि त्यापुढची पाने कोरी करकरीत, कडाही न मळलेल्या. मुलांना वाचायचेच नसते असे म्हणणाऱ्यांनी ती पहिली आठ पाने पाहावीत. हे मूल निघाले होते. त्याला वाटेत कुणी भेटले नाही, आणि न चालताही पोचता येते हे मात्र लगेच कळले.

उरण-पनवेल पट्ट्यातल्या आगरी, कोळी, कराडी मुलांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. घरची बोली वेगळी. शाळेत गेल्यावर पुस्तकी मराठीशी गाठ पडली, 'तुझी भाषा अशुद्ध' हे तिथेच पहिल्यांदा ऐकले. तो उंबरा कसाबसा ओलांडून झाला तर समोर तिसरी भाषा, आणि तीही दैनंदिन वापराची नव्हे तर शेक्सपिअरची. एवढे सगळे पार करून आलेल्या मुलाच्या कानाला भाषेचे भेद चांगले कळतात. दारूच्या नशेतला नोकर आणि दरबारी सरदार नाटकात वेगवेगळ्या तऱ्हेने का बोलतात, हे त्याला समजावून सांगावे लागू नये. घरातली आजी आणि शाळेतल्या बाई वेगवेगळ्या तऱ्हेने बोलतात हे त्याने पाचव्या वर्षी टिपलेले आहे. वर्गात या भांडवलाला हात कुणी लावत नाही.

त्याऐवजी काय होते? वर्गात एक परिच्छेद इंग्रजीत वाचला जातो, त्याचा मराठी-हिंदी सारांश सांगितला जातो, मग प्रश्न आणि त्याचे तयार उत्तर. स्टेशनकडच्या झेरॉक्सच्या दुकानात वर्षानुवर्षे त्याच नोट्सच्या प्रतींच्या प्रती निघत आल्या. आता त्यांची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरते. 'थीम', 'कॅरॅक्टर स्केच', 'शॉर्ट नोट' एवढ्या तीन साच्यांत सगळे इंग्रजी साहित्य बसवलेले असते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि उरलेली कसरही भरून निघाली. आता प्रोजेक्ट निर्दोष इंग्रजीत येतात. त्यातलेच एक वाक्य मुलाला वाचून दाखवून 'म्हणजे काय?' असे विचारले की तो खाली बघतो. जुन्या गाइडची तरफदारी करण्याची वेळ येईल असे कधी वाटले नव्हते. पण गाइडमधून उतरवून घेताना निदान वाक्य हाताखालून जात तरी होते.

यंत्राला शिव्या देऊन उपयोग नाही. तयार उत्तरालाच गुण देणारी परीक्षा आपण कैक वर्षे आधी तयार केली. यंत्र तिला सर्वांत स्वस्तात पुरे पडते, एवढेच.

यात नेमके काय गमावले जाते, ते एका उदाहरणाने पाहू. अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' १९७६ साली इंग्रजीत आले आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. आता समजा, ते पहिल्या वर्षाच्या वर्गात आले. पहिल्याच कवितेत पहाटेची एसटी आहे, खिडक्यांवर ताडपत्री, बाहेर काळोख, समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या दोन काचांत प्रवाशाला स्वतःचाच चेहरा दुभंगलेला दिसतो. पुढे एका पडक्या देवळात मारुतीच्या डोक्यावरचे छप्पर कोसळले आहे आणि तिथे एक कुत्री पिलांसकट राहते. कवी त्याबद्दल ना हळहळतो, ना चिडतो. नोट्समध्ये यावर 'श्रद्धा आणि संशय यांतील संघर्ष', 'आधुनिक माणसाचे एकाकीपण' अशी मथळेवजा वाक्ये मिळतात, आणि तीच उत्तरपत्रिकेत येतात. पण वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी खंडोबा आहे. त्यांनी तळी भरली आहे, भंडाऱ्याने पिवळे झालेले कपडे आईने दोनदा धुतलेले पाहिले आहेत, रात्रीच्या एसटीत मागच्या सीटवर उलट्या केल्या आहेत. त्यांना विचारले की हा प्रवासी देवाला निघालेला वाटतो का, तर ती पटकन सांगतील : नाही सर, हा बघायला आलाय. कशावरून? म्हाताऱ्याच्या चष्म्यात याला म्हातारा दिसत नाही, स्वतःच दिसतो, त्यावरून. हे वाचन आहे. त्यासाठी लागणारे इंग्रजी फार नाही, आणि हे मत मोडक्यातोडक्या इंग्रजीत मांडण्याची जी धडपड असते तिच्यातून बोलायचे इंग्रजीही येते. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे तोच शब्द शोधतो. तयार उत्तर मिळालेल्याला शब्द शोधायची गरजच उरत नाही. म्हणजे इंग्रजी सुधारण्यासाठी आलेल्या मुलाचे इंग्रजी आपण ज्या मार्गाने सोपे करतो, नेमके त्याच मार्गाने ते खुंटवतो.

तयार मतांची ही सवय फक्त आपल्याकडची आहे असे कुणी समजू नये. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या आणि त्यांची लेखी मते गोळा केली. १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात ती आहेत. इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या, निवडक शाळांतून आलेल्या त्या विद्यार्थ्यांनी नावाजलेल्या कवींना मोडीत काढले आणि सुमार कवितांची तारीफ केली. कित्येकांना कवितेचा सरळ अर्थसुद्धा लागला नाही. कवीचे नाव आणि त्याच्याबद्दलचे ठरलेले मत हातात नव्हते, म्हणून ते उघडे पडले. न वाचणे लपवणारा पडदा तिथे प्रतिष्ठेचा होता, इथे झेरॉक्सचा आहे. फरक इतकाच की रिचर्ड्स यांनी तो जाणूनबुजून बाजूला केला.

एरवी हा प्रश्न इंग्रजी विभागापुरता म्हणून सोडून देता आला असता. तसा तो नाही, आणि इथेच मला खरी भीती वाटते. इंग्रजी साहित्य हा शिकवण्याचा विषय म्हणून आपल्याकडे रुजला तो राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी. १८३५ मध्ये मेकॉलेचे इंग्रजी शिक्षणाविषयीचे टिपण आले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ; ऑक्सफर्डला इंग्रजीचा अभ्यासक्रम सुरू व्हायला १८९४ उजाडले, केंब्रिजला १९१७. एल्फिन्स्टन कॉलेजला तर कवी वर्डस्वर्थचा नातूच प्राचार्य होता. गोऱ्या साहेबाचा माल खपवण्यासाठी उघडलेले हे दुकान. पण आपल्या माणसांनी तिथून भलतेच सामान घरी आणले. आगरकरांनी 'हॅम्लेट'चा 'विकारविलसित' केला, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव'. नंतरच्या शतकात ही ये-जा थांबली नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते. विंदा करंदीकर इंग्रजीचेच प्राध्यापक, आणि 'किंग लिअर' मराठीत आणणारे. रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवत, आणि 'सौंदर्यमीमांसा' त्यांनी मराठीत लिहिली. विलास सारंग त्याच विभागाचे प्रमुख झाले. इंग्रजीच्या वर्चस्वावर सर्वांत कडाडून तुटून पडलेले भालचंद्र नेमाडेही नगर-धुळे-औरंगाबादला इंग्रजीच शिकवत होते.

ही सगळी मंडळी वाचणारी होती, आणि वाचलेल्याचे त्यांनी मराठीत काहीतरी केले. अर्थात ते सर्व बुद्धीने असामान्य होते आणि बहुतेक उच्चवर्णीय घरांतले, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तर आजच्या वर्गाचे महत्त्व अधिक. आगरी, ठाकूर, कातकरी, बौद्ध घरांतली मुले पहिल्यांदाच या दारातून मोठ्या संख्येने आत येत आहेत, आणि नेमक्या याच वेळी आत वाचण्याजोगे काही उरू नये असा बंदोबस्त झाला आहे. जी भाषांतरे, जी समीक्षा, जी नाटके या पिढीकडून मराठीला मिळू शकतात ती मिळणार नाहीत, आणि ती आली नाहीत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. या वर्गातल्या पुष्कळ मुलांनी २०१६ चा 'नटसम्राट' हा चित्रपट मोबाइलवर पाहिलेला असतो. पोरांना सगळे वाटून टाकून रस्त्यावर आलेला बाप त्यांना पाठ आहे. शिरवाडकरांच्या मूळ नाटकामागे लिअर उभा आहे, ही ओळख 'लिअर'च्या पहिल्या तासाला कुणी करून दिली तर निम्मे अवघडपण तिथेच सरेल. पण लिअरवरच्या नोट्समध्ये अप्पा बेलवलकर नसतो.

यावर एक उपाय जुनाच आहे आणि स्वस्त आहे. एका सत्राला एकच लहान पुस्तक, आणि ते वर्गात, मोठ्याने, आळीपाळीने, शेवटपर्यंत वाचायचे. चर्चा मराठीत होऊ द्या, आगरीत होऊ द्या. लिहायचे मात्र इंग्रजीत, चार ओळी का होईनात, त्याच तासाला, कागदावर. आणि परीक्षेत निम्मे गुण वर्गात न वाचलेल्या उताऱ्यावर किंवा कवितेवर, लेखकाचे नाव न देता. परीक्षेच्या हॉलमध्ये अशा प्रश्नाला गाइड पुरत नाही, पीडीएफही नाही.

लगेच हरकत येईल की निकाल कोसळेल, एटीकेटीच्या रांगा लागतील, पुढच्या वर्षी मुले हा विषय घेणार नाहीत, आणि तुकडी टिकली नाही तर शिक्षकाचा कार्यभार जाईल. ही भीती खोटी नाही. अनेक विभाग आज विद्यार्थिसंख्येच्या काठावरच उभे आहेत. म्हणून निम्म्या गुणांचा आग्रह बाजूला ठेवू. पहिल्या सत्रात दहाच गुण अनोळखी कवितेला द्यावेत आणि उत्तरे उदार हाताने तपासावीत : व्याकरण चुकले तर गुण कापू नयेत, ओळीवर बोट ठेवून काही म्हटले असेल तर द्यावेत. त्यासाठी मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या अभ्यास मंडळाची वाट पाहण्याचेही कारण नाही. नवीन पनवेलची चांगू काना ठाकूर आणि पिल्लई ही महाविद्यालये स्वायत्त आहेत. आपली प्रश्नपत्रिका ती स्वतः काढतात. तिथल्या विभागांनी ठरवले तर येत्या पहिल्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेतला एक 'शॉर्ट नोट'चा प्रश्न काढून त्या जागी चौदा ओळींची एक कविता छापता येईल.